भरीत, कळण्याची भाकरी आणि शिराझ

काल चोपड्याजवळ मामांच्या मळ्यात भरीत पार्टी झाली. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडगीत कुटलेली मिरची, कळण्याची भाकरी. यंदा आतेभावाने नाशिकहून सुला कंपनीची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ ही रेड वाईन आणली होती. मामांनी बाटली फिरवून विचारलं, "हाई काय शे? द्राक्षांचा रस?"

रसच, पण सालीसकट आंबवलेला. काळ्या द्राक्षाचाही रस बहुतेक फिकाच असतो. लाल रंग आणि जिभेवरचा तुरटपणा सालीतून उतरतो. मग ओकच्या पिंपात मुरवतात, तिथून तो धुरकट, व्हॅनिलासारखा वास येतो. युरोपात द्राक्षतोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, नाशिककडे मात्र जानेवारी ते मार्च, कारण इथे पावसाळा संपताना छाटणी करून घड थंडीत पिकवतात. सुलाचे संस्थापक राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला आले तेव्हा तिथे मुख्यतः खायची द्राक्षं होती. 2000 साली सुलाची पहिली वाईन बाजारात आली.

आता चव. नुसती प्यायलो तर जड, मिरीसारखी तिखट, तोंड कोरडं करणारी. भरिताबरोबर? वांग्याच्या धुराशी मस्त जमली, पण हिरव्या मिरचीने तिची पार दाणादाण उडवली. तिखटावर दारू अजूनच जाळते म्हणतात, ते खरं आहे. खरी जोडी जमेल ती कमी तिखटाच्या मटणाशी, असं माझं मत. आणि रेड वाईन 'रूम टेंपरेचरला' प्या हा सल्ला खान्देशात मे महिन्यात कुणी पाळू नये. 16-18 अंश हवेत, म्हणजे आधी थोडा वेळ फ्रीजमध्येच.

मामांनी एक घोट घेतला आणि ताकाचा तांब्या मागवला.