दोन बोटे

रविवार, रात्री

दुपारी तीनच्या सुमारास घरी आले, तेव्हापासून एकच गोष्ट मनात घोळते आहे, आणि ती इतकी लहान आहे की कुणाला फोन करून सांगायला बसले तर सांगण्यासारखे त्यात काही सापडणार नाही. मेलबर्नमधल्या बॉक्स हिलच्या त्या उपाहारगृहात, मोठ्या गोल टेबलाशी आम्ही सगळे बसलो होतो. धाकट्याचा पेला रिकामा दिसला म्हणून मी किटली उचलून त्यात चहा ओतला आणि त्याने, त्याच्या मैत्रिणीच्या मामांशी चाललेले बोलणे न थांबवता, माझ्याकडे न पाहता, दोन बोटे दुमडून टेबलावर हलकेच टकटक केली. एवढेच झाले. माझ्या मुलाने माझे आभार मानले.

ही रीत मला ठाऊक नव्हती असे नाही. या शहरात पंचवीस वर्षे काढल्यावर आणि कचेरीतल्या मंडळींबरोबर लिटल बर्क स्ट्रीटवर अनेकदा यम चा खाल्ल्यावर ती ठाऊक नसती तरच नवल. यम चा या शब्दांचा अर्थच मुळी चहा पिणे असा आहे. खाण्याचे जे लहान लहान पदार्थ येतात त्यांना डिम सम म्हणतात आणि ते चहाच्या सोबतीला असतात, निदान नावापुरते तरी. कँटोनीज घरांतली माणसे रविवारी ‘चहाला जाऊ’ म्हणून निघतात आणि दोन-अडीच तास जेवतात. एवढ्या वेळात कुणी ना कुणी कुणाचा तरी पेला भरत राहतो, आणि दर वेळी बोलणे तोडून आभार मानायचे म्हटले तर बोलणेच होणार नाही, म्हणून बोटांनी नुसती पोच द्यायची. परक्या माणसांत बसलेली असताना ही रीत मला नेहमी सुरेख वाटत आली आहे. मग आज ती मला का लागली, हे मी दुपारपासून शोधते आहे.

धाकटा चार वर्षांचा असताना इथल्या बालवाडीत शिकलेले ‘थँक यू’ घरी घेऊन आला होता. ताटात गरम पोळी पडली की तो मान वर करून ते म्हणायचा. तेव्हा आई साताऱ्याहून आलेली होती. तिला हसू आवरेना. “आईला कुणी थँक्यू म्हणतं का रे?” असे ती म्हणाली आणि मीही त्याला जवळ घेऊन सांगितले, “बाहेर म्हणायचं, घरात नाही हं. मला तर नाहीच.” तो ऐकणारा मुलगा होता. त्यानंतर इतक्या वर्षांत त्याने मला एकदाही तसे म्हटलेले नाही, आणि त्याचा मला आतून अभिमान होता. इथे वाढलेल्या मुलांच्या तोंडी तो शब्द दर वाक्यामागे असतो, पण माझ्यापाशी आला की माझा मुलगा तो शब्द उंबऱ्याबाहेर ठेवतो, असे मला वाटत असे. आज ती दोन बोटे टेबलावर पडली आणि मला वाटले की आता उंबऱ्याबाहेर मी आहे.

हे जरा जास्त झाले, हे मला कळते. पण दुपारी तेच वाटले, म्हणून तेच लिहिते आहे.

अशा सवयी कुणी मुद्दाम शिकवून लागत नाहीत. त्या टेबलाशी बसून बसून अंगात मुरतात, आणि बोटे न पाहता, न विचारता हलतात, याचा अर्थ तो तिथे कितीतरी रविवार बसलेला आहे. त्यांतले काही रविवार मला आठवतात. मी मसालेभात करते आहे म्हणून फोन केला होता आणि तो म्हणाला होता, “आज नाही जमणार गं.” मी त्याला दोष देत नाही. त्याने जायलाच हवे होते. आणि हे आज आले नाहीत, तिच्या आईने माझ्याशेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी ठेवली होती, त्याविषयी मी आज लिहिणार नाही.

पुन्हा पुन्हा मी येते ती त्या न पाहण्यापाशी. ओतणारा हात माझा आहे, हे त्याला माहीत तरी होते का? पेल्यात चहा पडल्याचा आवाज झाला आणि बोटे हलली, एवढेच जर असेल, तर ती पोच मला नव्हतीच; ती किटलीला होती. आणि हात माझा आहे हे जाणून त्याने टकटक केली असेल, तर तो मला इतरांसारखा वागवत होता. या दोन्हींपैकी मला कोणते हवे आहे, तेही ठरवता येत नाही.

खरे तर टेबल इतके आनंदाचे होते. पोपोंनी, म्हणजे तिच्या आजीने, आधी माझा वाडगा, पेला आणि काड्या गरम चहाने विसळून दिल्या, स्वतःच्या हाताने, आणि ते पाणी मधल्या मोठ्या भांड्यात टाकले. मग काळपट बो ले चहा आला; युनानचा तो मुरवलेला चहा, ज्याला पु-अर म्हणतात, आणि जो तळलेल्या-वाफवलेल्या खाण्यावर चांगला लागतो. आताशा बऱ्याच ठिकाणी कागदावर खुणा करून पदार्थ मागवतात, पण इथे रविवारी अजून ट्रॉल्या फिरतात. बाया त्या टेबलांमधून ढकलत नेतात, पदार्थांची नावे पुकारतात, बांबूच्या करंडीचे झाकण उचलून वाफेतून आत काय आहे ते दाखवतात आणि आपण हो म्हटले की टेबलावरच्या कार्डावर शिक्का उमटवतात. पोपो हो म्हणत नव्हत्या, फक्त हनुवटी हलवत होत्या, आणि करंड्यांवर करंड्या चढत होत्या. डुकराचे मांस मी खात नाही हे तिने त्यांना आधीच सांगून ठेवले असावे, कारण सिउ माईची करंडी फिरती चकती माझ्यासमोर येऊ न देता त्या हाताने पुढे सरकवत होत्या आणि हार गाऊची करंडी माझ्यापुढे थांबवत होत्या.

हार गाऊ म्हणजे कोळंबीचे डंपलिंग. त्याच्या पारीतून आतली कोळंबी गुलाबी दिसते आणि चावली की किंचित करकरते. ती पारी नुसत्या कणकेची असती तर अशी काचेसारखी झाली नसती. गव्हातला चिकट अंश धुऊन काढल्यावर जे पांढरे सत्त्व उरते, म्हणजे आपण कुरडयांसाठी गहू भिजत घालून जो चीक काढतो जवळपास तेच, ते वाळवून त्यात थोडे टॅपिओकाचे सत्त्व घालतात आणि वर उकळते पाणी ओतून मळतात. मग गोळी तेलाचा हात लावलेल्या रुंद सुऱ्याच्या पात्याखाली दाबून फिरवली की पातळ पारी होते, आणि तिला एकाच बाजूने चुण्या घालत जातात. सात तरी चुण्या हव्यात, कसलेला आचारी दहाच्या पुढे घालतो. हे सगळे मला ती सांगत होती, आणि मी आईच्या करंजीची मुरड पाहत होते. आईची बोटे मुरड घालताना तिच्याकडे न पाहता चालायची, बोलणे दुसरीकडेच असायचे.

एके काळी धाकट्याला चिनी खाणे म्हणजे डिम सिम एवढेच ठाऊक होते, कोबी आणि खिमा भरलेले ते जाड पारीचे तळलेले मुटके, जे इथे मासे-चिप्सच्या दुकानात मिळतात. ते चीनमधून आलेलेच नाहीत. १९४५ साली मेलबर्नमध्येच विल्यम चेन विंग यंग यांनी ते करून विकायला काढले. पोहण्याच्या शिकवणीनंतर दर शुक्रवारी कागदाच्या पिशवीतून दोन आणायचे, असा आमचा ठराव होता. तेच पोर आज कोणत्या करंडीत काय आहे ते मला समजावून सांगत होते, आणि ट्रॉलीवालीला कँटोनीजमध्ये काही म्हणाले तेव्हा ती हसली.

पोपो वाढत होत्या, आणि आग्रहाचे काही विचारू नका. वाढायच्या वेगळ्या काड्यांनी त्या माझ्या वाडग्यात एक हार गाऊ ठेवायच्या, मी तो संपवला की दुसरा. आम्हा दोघींना एकमेकींचा एकही शब्द कळत नाही. शेवटी मी पंगतीत करतात तसा वाडग्यावर हात आडवा धरला. त्या थांबल्या, माझ्या हाताकडे पाहिले, तोंडभर हसल्या आणि माझ्या बोटांच्या कडेने, जिथे वाडगा उघडा होता तिथून, तो हार गाऊ आत सोडला. आमच्या आत्याही हेच करत असत. हात आडवा धरणे म्हणजे नको म्हणणे नव्हे, वाढणाऱ्याला आणखी एक वाढायला जागा करून देणे आहे, हे त्यांना कुणी सांगितले असेल?

बोटांच्या रितीमागची गोष्ट तिने मला मागे कधीतरी सांगितली होती, ती आज रात्री भांडी आवरताना आठवली. दंतकथाच आहे. छियनलोंग नावाचा बादशहा, अठराव्या शतकातला, वेष पालटून दक्षिणेत फिरत होता. एका चहाघरात त्याने स्वतः किटली उचलून बरोबरच्या सेवकांच्या पेल्यांत चहा ओतला. बादशहाने ओतलेला चहा घ्यायचा तर साष्टांग नमस्कार घालायला हवा, पण तो घातला तर हा कोण आहे ते सगळ्यांना कळणार. तेव्हा एका सेवकाने बोटे वाकवून टेबलावर टेकवली. एक बोट म्हणजे टेकलेले मस्तक आणि दोन बोटे म्हणजे दोन हात. गोष्ट ऐकली तेव्हा मी नुसते ‘छान’ म्हटले होते. आज तीवर थांबले. म्हणजे ते मुळात आभार नाहीतच, तो नमस्कार आहे. वडीलधाऱ्या माणसाने, ज्याला खरे तर आपण चहा द्यायचा, त्यानेच किटली उचलली आणि उठून वाकणे शक्य नाही, अशा वेळचा नमस्कार.

आणि मग आणखी एक आठवले, जे दुपारी माझ्या डोळ्यांसमोर घडले होते आणि मी पाहून न पाहिल्यासारखे केले होते. बसल्या बसल्या पहिला चहा धाकट्यानेच ओतला होता. आधी पोपोंना, मग मला, मग तिच्या आईला, मामांना, तिला, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःला. पोपोंच्या पेल्यात त्याने ओतला तेव्हा ऐंशीच्या पुढच्या त्या बाईने एक बोट उचलून टेबलावर हळूच टेकवले. नातजावई अजून व्हायचा आहे, नातू तर नाहीच, तरी टेकवले. पुढे त्यांच्या स्वतःच्या नातीने ओतला तेव्हाही टेकवले. त्या टेबलाशी कुणी परके नाही आणि कुणी पोच दिल्याशिवाय राहत नाही. सगळ्या टेबलावर एकच हात स्वस्थ होता, तो माझा. मुलाने ओतलेल्या चहाला पोच कसली द्यायची, असे मला वाटले असेल; खरे म्हणजे तेवढेही वाटले नाही, मी पेला उचलून प्यायले.

तरी तो न पाहण्याचा प्रश्न सुटत नाही. त्याने पाहिले नाही ते नाहीच. पण थोड्या वेळाने मी मुद्दाम पुन्हा किटली हातात घेतली, हे लिहायला संकोच वाटतो, पण घेतली, आणि या वेळी त्याने वळून पाहिले आणि माझ्या हातून ती काढून घेतली. “तू नको गं ओतूस,” म्हणाला, आणि माझा पेला भरून किटलीचे झाकण तिरके करून ठेवले, म्हणजे वाढप्याने गरम पाणी आणून घालावे. दुपारी मला त्यातही दुरावाच दिसला. आता वाटते की पहिल्या वेळचे त्याला नंतर चुकचुकले असावे.

येताना त्यानेच मला घरी सोडले. व्हाइटहॉर्स रोडवर बराच वेळ गप्प होता. मीही गप्प होते. मग म्हणाला, “तू पोपोवर रागावलीस का?”

“मी? कधी?”

“तू असा हात ठेवलास ना वाडग्यावर. एकदम. मला वाटलं, तुला आवडलं नाही त्यांनी वाढलेलं.”

मी त्याला पंगत सांगितली. वाढपी ओळीने वाकून वाढत येतो, जेवणारा शेजाऱ्याशी बोलत असतो, बोलणे न तोडता हात आडवा धरायचा आणि वाढप्याला कळते. आणि आग्रह करायचा असेल तर तो बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो. तो ऐकत होता. पंगतीत तो कधी बसलेला नाही. इथे मंडळातही गणपतीला रांगेत उभे राहून कागदी ताटलीत घ्यायचे असते. “म्हणजे पोपोला कळलं होतं,” तो म्हणाला, “मलाच नाही कळलं.” आणि मग घर येईपर्यंत तो सैल होऊन बोलत राहिला. त्या हाताचे त्याने दुपारभर मनात धरून ठेवले होते. त्याच्या बोटांचे मी विचारले नाही. विचारायचे राहिले असे नाही, तोवर विचारावेसे वाटेनासे झाले होते.

उतरताना त्याने मागच्या सीटवरचा डबा दिला. पोपोंनी यांच्यासाठी बांधून दिलेले तिळाचे तळलेले गोळे, आत कमळबियांचे गोड पुरण, मांस नाही हे त्यांनी दोनदा सांगायला लावले होते म्हणे. मी डबा ओट्यावर ठेवला आणि काही बोलले नाही. झोपायला जाण्यापूर्वी हे स्वयंपाकघरात आले, उभ्या उभ्या एक खाल्ला, हात धुतले आणि गेले. डब्यात तीन होते, दोन उरले आहेत.