पंधरावी पट्टी

"मामा, हे वर बसायलंय," भाचा म्हणाला तेव्हा मी आबांसोबत चहा घेत होतो. उठून गेलो, नमुन्याच्या तुकड्यात बसवलेल्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणालो, "चालू दे. पॉलिशला निघून जाईल."

ती पंधरावी पट्टी होती. एकूण २२ करायच्या होत्या.

काम औशाजवळच्या एका गावातलं. स्वयंपाकघरातल्या कपाटांची ११ शटरं, म्हणजे दारं, तीही आबांच्या स्वतःच्या बांधावरच्या सागवानाची. झाडं त्यांच्या वडिलांनी लावलेली. वनखात्याची परवानगी काढून तोडली, सॉ मिलवर चिरून आणली आणि दीड वर्ष पडवीत मध्ये काड्या घालून, थरावर थर रचून वाळवली. एवढी वाट बघणारं गिऱ्हाईक मला २२ वर्षांत क्वचित भेटलंय. बाकीचे लोक बाजारातलं एमडीएफचं, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीचं, शटर घेतात. त्यावर मशीननं चौकटीचं नुसतं चित्र कोरलेलं असतं, सांधा कुठंच नसतो. सिंकखाली पाणी लागलं की ते फुगतं, आणि मग सुताराला बोल लावतात.

लाकूड मोजकंच होतं. पांढरा भाग काढून टाकल्यावर चौकटीपुरतं पक्कं उरलं, वर जास्तीत जास्त दोन पट्ट्या.

राउटर म्हणजे लाकडाला आकार कापणारं मशीन. आमच्या राउटरच्या सेटमध्ये दोन बिटं, म्हणजे फिरणारी पाती, असतात. एक उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या आतल्या कडेला नक्षीची गोलाई आणि फळीसाठी ६ मिलिमीटरची खाच पाडतं. दुसरं आडव्या पट्टीच्या टोकाला त्याच्या बरोब्बर उलटा आकार आणि जीभ काढतं. ती जीभ उभ्या पट्टीच्या खाचेत बसते. लांबीचा हिशोब नवीन पोरं हमखास चुकतात. शटर ४५० रुंद, उभ्या पट्ट्या ६०-६० च्या, म्हणजे मध्ये ३३०. पण दोन्ही टोकांच्या जिभा १०-१० मिलिमीटर आत जातात, म्हणून आडवी पट्टी ३५० कापायची. आधी टोकं करायची, कड नंतर. टोकाला बिट धाग्याला आडवं जातं आणि बाहेर निघताना कपची उडवते. कड नंतर मारली की ती उडालेली जागा निघून जाते. तरी मी मागं एक टाकाऊ तुकडा दाबून धरतोच.

सगळ्या पट्ट्या तोंडाकडची बाजू खाली करून मारायच्या. सांध्याचं माप तोंडापासून असतं, पाठीपासून नाही. वडील तिफणी आणि गाड्या करायचे. तेही प्रत्येक लाकडाच्या तोंडावर आधी पेन्सिलीची खूण करायचे आणि कापलेल्या क्रमानं पाठीवर आकडे टाकायचे. आकड्यांची सवय मला त्यांच्याकडूनच लागली, आणि त्या दिवशी तीच कामाला आली.

संध्याकाळी सगळं कापून झाल्यावर चौकटी कोऱ्याच, फेविकॉल न लावता, जोडून बघितल्या. पहिल्या चार सुरेख, सांध्यात केससुद्धा जाणार नाही. पुढच्यांत आडवी पट्टी उभीपेक्षा वर. आतल्या कोपऱ्यात दोन गोलाया एकमेकींना भेटेनात. तिथं पायरी होती, आणि कोपऱ्यातली पायरी पॉलिशला निघत नाही. वरून घासून पट्टी सपाट होईल, गोलाई जागेवर येणार नाही. हे मला सकाळीही माहीत होतं.

आधी भाच्यालाच म्हणालो, दाबून धरलं नसशील. तो काही बोलला नाही. मग बिटाच्या दांडीवर संशय गेला. मशीनला लागते अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटरची, पण दुकानात १२ ची दांडीही त्याच डब्यात ठेवून देतात आणि "बसतं की" म्हणतात. कॅलिपर लावला, दांडी बरोबर होती. शेवटी पट्ट्या आकड्यांच्या क्रमानं फरशीवर मांडल्या. आठव्यापर्यंत काही नाही. नवव्यापासून फरक चढत गेलेला, बाविसाव्या पट्टीला अर्धा मिलिमीटर.

क्रमानं चढतोय म्हणजे हाताची चूक नाही. बिट कापता कापता वर सरकत होतं. सकाळी ते मीच बसवलं होतं, लाईट जायच्या आत उरकायच्या घाईत, दांडी पार तळाला टेकवून. टेकवल्यावर दोन-तीन मिलिमीटर वर ओढून मग पाना मारायचा असतो. आवळताना कॉलेट, म्हणजे दांडी पकडणारी नळी, दांडीला थोडं खाली ओढतं. खाली जागाच नसेल तर पाना घट्ट लागतो, पण पकड येत नाही. हे मी चार पोरांना शिकवलंय.

पंधराव्यापासून पुढं प्रत्येक पट्टीच्या पाठीवर, आकड्याशेजारी, पेन्सिलीची बारीक फुली होती. भाच्यानं टाकलेली. आठच्या आठ पट्ट्यांवर.

१४ पट्ट्या बिघडलेल्या आणि जास्तीच्या फक्त दोन. टोकं पुन्हा कापली तर प्रत्येक शटर २० मिलिमीटरनं अरुंद होणार. फेविकॉलमध्ये भुसा कालवून कोपरे भरता आले असते, पण सागवानात ते वर्षभरात काळं दिसतं. रात्री जेवण झाल्यावर पुन्हा वर्कशॉपला गेलो. दोन्ही टोकं लागोपाठ मारली होती, त्यामुळे एका पट्टीच्या दोन्ही टोकांचा फरक जवळपास सारखाच होता. म्हणून प्रत्येक पट्टीचं तोंड तिच्या तिच्या फरकाएवढं हातरंध्यानं उतरवलं. टोकाशी कड कागदासारखी पातळ असते, रंधा टोकाकडून आत मारावा लागतो, नाहीतर ती तुटते. मग कडेचं बिट त्याच उंचीवर लावून गोलाई पुन्हा मारली. ती अर्धा मिलिमीटर खाली उतरली आणि उभ्या पट्टीच्या गोलाईला जाऊन मिळाली. खाच तेवढी साडेसहाची झाली. म्हणून फळीच्या वरच्या-खालच्या कडेला, मागच्या बाजूनं, मधोमध पातळ सालपट लावलं. फळीला फेविकॉल कुठंच नाही. सागवान उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं, त्याला हलायला जागा लागते. भाचा पहाटे दोनपर्यंत बरोबर होता. एक पट्टी गेली, जास्तीतली वापरली.

समोरून आता कुणालाही दाखवावं असं काम आहे. पाठीमागून सात शटरांच्या आडव्या पट्ट्या किंचित आत आहेत, बोटाला लागतात. बसवताना आबांनी पाठीवरून तळवा फिरवला आणि तिथंच थांबले. मी झालं ते सांगितलं. बिट मी बसवलं होतं आणि पोरानं सांगितलेलं मी ऐकलं नाही, हेही सांगितलं.

"लाकूड वाया गेलं का?"

"एक पट्टी."

"कुठाय ती?"

गाडीतून आणून दिली. त्यांनी ती देवघराच्या कोनाड्याशेजारी उभी करून ठेवली.

नंतर भाच्याला विचारलं, फुल्या मारत होतास तर मशीन का थांबवली नाहीस. म्हणाला, "तुम्ही चालू दे म्हणलात की." त्यावर मला काही बोलता आलं नाही. पाठ घासताना फुल्या काढायला मी सांगितलं नाही. त्यानंही काढल्या नाहीत. शटर उघडलं की दिसतात.