नसती उठाठेव

परवा दुपारी मी लिहिण्याच्या टेबलाचा वरचा खण आवरला. तो आवरण्याची तातडी होती असे घरात कोणीही म्हटले नव्हते. गेली सहा-सात वर्षे तो तसाच होता आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेले नव्हते. परंतु जेवण झाल्यावर मी खुर्चीत बसलो, समोर फोन ठेवलेला होता, आणि एकाएकी मला वाटले की हा खण आज आवरला नाही तर तो कधीच आवरला जाणार नाही. मग पुढचे दोन तास मी मान वर केली नाही. दहा पेने कागदावर गिरवून पाहिली; त्यांतली चार चालतात. तीन नेलकटर निघाले, चष्म्याची दोन रिकामी घरे निघाली, कुठल्या यंत्राची ते आठवत नाही अशी एक किल्ली निघाली, आणि चार आण्यांची सात नाणी निघाली, जी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली आहेत आणि तरीही जी टाकून देण्याचा धीर आमच्या पिढीला होत नाही. ती मी एका डबीत घातली. डबीवर चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर ‘चार आणे’ असे चांगल्या अक्षरात लिहिले.

चहाच्या वेळी ही आत आली आणि तिने विचारले, “फोन केलात का?”

“करतो. जरा कामात आहे,” मी म्हणालो, आणि ते म्हणताना माझ्या आवाजात किंचित त्रासिकपणाही होता, जणू काही एखाद्या महत्त्वाच्या कामात कोणी व्यत्यय आणला होता.

फोन लातूरला करायचा होता. माझ्या शाळेपासूनच्या मित्राची पत्नी मे महिन्याच्या सुरुवातीला गेली. मी तेव्हा मुलीकडे बंगळुरूला होतो. तेराव्यालाही पोहोचलो नाही. परतल्यावर लगेच फोन करायचा असे ठरवून मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकटीत त्याचे नाव लिहिले. आमच्या घरात कालनिर्णय हाच खरा हिशेबनीस आहे. दुधाचे खाडे, गॅस आल्याची तारीख, वीजबिल, सगळे त्या चौकटींत असते. त्या दिवशी फोन झाला नाही म्हणून मी नावापुढे एक बाण काढून ते दुसऱ्या दिवशीच्या चौकटीत ढकलले. मग तिथून पुढच्या. पान उलटले तेव्हा जूनच्या पहिल्या चौकटीत ते नव्याने लिहिले. त्या तीन आठवड्यांत मी गच्चीची टाकी धुऊन घेतली, बँकेत जाऊन हयातीच्या दाखल्याची आगाऊ चौकशी केली, जो नोव्हेंबरात लागतो, आणि कपाटावरच्या जुन्या मासिकांची वर्षवार बांधणी केली. माझ्या निवृत्तीनंतरचे इतके कर्तबगार तीन आठवडे मला आठवत नाहीत.

माझी आजी अशा कर्तबगारीला ‘नसती उठाठेव’ म्हणत असे. शब्द मोठा नेमका आहे. त्यात उठणे आहे आणि ठेवणे आहे. वस्तू इथून उचलली, तिथे ठेवली, हालचाल भरपूर झाली आणि घर होते तसेच राहिले. मराठीला या प्रकाराची फार जुनी ओळख असावी, कारण त्यासाठी आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. लगबग आहे, धांदल आहे, धावपळ आहे, खटाटोप आहे. ‘उद्योग’ हा वास्तविक केवढा भारदस्त शब्द, पण कोणी आपल्याला “काय उद्योग चाललेत?” असे विचारले तर आपण चटकन हातातली वस्तू पाठीमागे लपवतो. दमडीची मिळकत नाही आणि घडीची फुरसत नाही, ही म्हण ज्या कोणी पहिल्यांदा उच्चारली, त्या व्यक्तीच्या घरात माझ्यासारखा एखादा गृहस्थ नक्कीच असला पाहिजे.

मला मात्र या सर्वांपेक्षा ‘व्यग्र’ हा शब्द जास्त खरा वाटतो. आपण तो मानाने वापरतो. निमंत्रणपत्रिकेवर ‘आपल्या व्यग्र दिनक्रमातून वेळ काढून’ असे छापतो. परंतु व्यग्र आणि एकाग्र या दोन्ही शब्दांत तेच ‘अग्र’ आहे, म्हणजे टोक. ज्याचे टोक एका ठिकाणी लागले आहे तो एकाग्र, आणि ज्याचे टोक चहूकडे विखुरले आहे तो व्यग्र. संस्कृतात व्यग्र म्हणजे मुळात विचलित झालेला, गोंधळलेला माणूस. आपण त्याला पाहुणा म्हणून बोलावू लागलो.

नोकरीत असताना हे मला समजणे शक्य नव्हते. तिथे आवक-जावक नोंदवही होती, आणि पत्र आवक झाले, त्यावर क्रमांक पडला, ते ‘पुढील कार्यवाहीस्तव सादर’ झाले, तिथून त्रुटीपूर्ततेसाठी परत आले, मग स्मरणपत्र गेले, की दिवस सत्कारणी लागल्याचे समाधान आम्हा सर्वांना मिळत असे. ‘कार्यवाही सुरू आहे’ हे वाक्य मी स्वतःच्या हाताने किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. त्यात खोटे काही नसे. कार्यवाही खरोखरच सुरू असे; फक्त कार्य होत नसे.

खण आवरून झाला, त्याच्या तळाशी घालायला जुन्या वर्तमानपत्राचा कागद कापताना मला आबा आठवले, म्हणजे माझे आजोबा. का आठवले, ते सांगता येणार नाही. जूनचा पहिला आठवडा होता, दुपारी ढग भरून येत होते आणि न पडता निघून जात होते, एवढेच कारण असेल. आमचे गाव आता लातूर जिल्ह्यात आहे. माझ्या लहानपणी ते उस्मानाबाद जिल्ह्यात होते, कारण लातूर जिल्हा झाला तो १९८२ साली. जमीन काळी, भारी. पाऊस पडला की पायाला किलोभर माती घेऊन चालावे लागे. मृग ७ किंवा ८ जूनला लागतो. त्याच्या आधीपासूनच पारावर पंचांग उघडलेले असे आणि यंदा नक्षत्राचे वाहन कोल्हा आहे की म्हैस, यावर मोठी माणसे गंभीरपणे वाद घालत असत. आणि मग एखाद्या संध्याकाळी पहिला मोठा पाऊस पडे. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गावाच्या अंगात आल्यासारखे होई. तिफणी, म्हणजे बैलांनी ओढायची तीन फणांची पेरणीची अवजारे, बाहेर निघत, बैलांना आरोळ्या सुरू होत, बियाण्याची पोती ओसरीवर येत.

आबा मात्र धोतर वर खोचून, अनवाणी, एकटेच शेताकडे जात. मी मागे मागे जात असे. शेतात ते काहीही करत नसत, असे त्या वयात माझे ठाम मत होते. ते मधोमध जाऊन बसत, खुरप्याने वीतभर उकरत, खालची मूठभर माती काढून तिचा गोळा करत आणि उभे राहून तो कमरेच्या उंचीवरून खाली सोडत. गोळा चपटा होऊन तसाच बसला, तर ते हात झटकत आणि म्हणत, “अजून वाफसा न्हाई.” आणि आम्ही घरी परत. घरी आल्यावर ते ओट्यावर सुपारी कातरत बसत. समोरून गावाच्या तिफणी जात असत. मला शरम वाटे. सगळ्यांचे आजोबा कामाला लागलेले आणि आमचे तेवढे सुपारी कातरत बसलेले.

वाफसा म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात कोणी समजावून सांगत नाही. ते पायांना कळावे लागते. जमिनीत ओल हवी, पण मातीच्या कणांमध्ये हवाही खेळती हवी; पाणी आणि हवा दोन्ही जिथे नांदतात ती वाफशावरची जमीन. गोळा होतच नसेल तर ओल पुरेशी नाही, गोळा पडून फुटलाच नाही तर ओल जास्त आहे, आणि गोळा होऊन पडल्यावर भुगा झाला तर तो दिवस पेरणीचा. चिखलात तिफण घातली तर फणांत माती अडकते, बैलांच्या खुरांनी रान दाबले जाते, नंतर त्याची दगडासारखी ढेकळे होतात आणि बी आत कुजते. आणि वरवरच्या ओलीवर पेरले आणि पावसाने पुढे पंधरा दिवस उघडीप दिली, तर आलेला कोंब उन्हात करपतो. मग दुबार पेरणी. हा शब्द शहरातल्या माणसाला वर्तमानपत्रातल्या मथळ्यापुरता माहीत असतो. घरातले बी एकदा संपल्यावर दुसऱ्यांदा आणायचे कुठून, हा त्याचा खरा अर्थ आहे. हल्ली कृषी विभाग सांगत असतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. आबांकडे पर्जन्यमापक नव्हता, तळहात होता.

आमच्या बांधाला बांध असलेल्या एका काकांना हे थांबणे सोसत नसे. पहिला पाऊस पडला की त्यांच्या तिफणीचा आवाज सर्वांत आधी येई. दिवसभर त्यांचा घसा चालू असे. बैल, गडी, पोरे, कोणालाही ते बसू देत नसत आणि स्वतःही बसत नसत. त्यांना आळशी म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. आणि दोन-तीन वर्षांतून एकदा तरी त्यांचे रान पुन्हा मोडावे लागे, तेव्हाही ते तेवढ्याच जोमाने, तेवढ्याच आवाजात मोडत. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की एका वर्षी त्यांचे साधले आणि आबांचे चुकले. आबा थांबले आणि पाऊस जो लागला तो लागलाच, वाफसा होईना. त्या वर्षी आमचा मूग गेला. काका सहा महिने ते बोलून दाखवत होते. आबांनी त्यावर काही उत्तर दिल्याचे मला आठवत नाही. कापसाच्या मुलखात तर लोक पाऊस पडण्याआधीच कोरड्या जमिनीत धूळपेरणी करतात, आणि ती उतावीळ नसते, तोही एक हिशेबच असतो. तेव्हा थांबणारा शहाणा आणि धावणारा वेडा, एवढे हे सोपे नाही.

पण ज्या दिवशी आबांनी सोडलेला गोळा भुसभुशीत फुटे, त्या दिवसाचे आबा मी अजून विसरलेलो नाही. वाफसा फार दिवस टिकत नाही. ऊन पडले की दोन-चार दिवसांत तो निघून जातो. सुपारी कातरणारा तो म्हातारा पहाटे चारला उठलेला असे. तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, त्यांची मूठ असे, आणि त्या मुठीतून बी असे झरे की तीनही नळांत सारखे जावे. ते ओरडत नसत. भाकरी बांधावर येऊन तशीच राही. उन्हाळ्यात रानातली धसकटे वेचून, कुळवाच्या पाळ्या घालून, शेणखत पसरून झालेले असे. माझ्या मते जो माणूस काहीच करत नव्हता, त्याचे अर्धे काम मी पाहायला लागण्याच्या आधीच झालेले होते.

हे आठवत असताना माझ्या मनात एक फार सोयीचा विचार आला, आणि तो किती सोयीचा आहे हे जाणवल्यामुळेच मी तो इथे लिहितो आहे. मी स्वतःला म्हणालो की माझेही तेच चालले आहे. मित्राचे दुःख ओले आहे, एवढ्यात फोन करणे बरे नव्हे, मी वाफशाची वाट पाहतो आहे. दोन मिनिटे मला फार बरे वाटले. परंतु आबा रोज सकाळी अनवाणी शेतात जात होते. वाट पाहणारा माणूस जमीन हातात घेऊन बघतो. मी तीन आठवड्यांत एकदाही त्या बाजूला फिरकलो नव्हतो. मी फक्त कालनिर्णयवर बाण काढत होतो. खरे कारण इतकेच होते की, तो फोनवर रडला तर काय बोलायचे, हे मला ठाऊक नव्हते, आणि खणातल्या पेनांपैकी कुठले चालते, हे मला शोधून काढता येत होते.

मी फोन लावला. त्याने तो लगेच उचलला.

“बोल,” तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “पाऊस आहे का रे पुण्यात?”

“नाही अजून. ढग येतात नुसते.”

“इकडंही तसंच.”

तीन आठवडे जुळवलेले एकही वाक्य मला आठवले नाही. तोच पुढे बोलत राहिला. सोयाबीनचे बियाणे घरचेच आहे, असे त्याने सांगितले. “ती निवडून ठेवून गेली. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पण बघितली होती तिनं. शहाऐंशी आले.”

“चांगले आले,” मी म्हणालो.

“हं.”

बराच वेळ दोघेही गप्प होतो. हिने दारातून डोकावून पाहिले आणि ती परत गेली.

“वाफसा आला की कळव,” मी म्हणालो. “मी येतो.”

“ट्रॅक्टरवाला कुठं थांबतोय वाफश्यासाठी,” तो म्हणाला, आणि आम्ही दोघेही थोडेसे हसलो.