फोटोशॉपच्या वाट्याची रॅम

ऑक्टोबर 1997. पुण्यातल्या आमच्या डीटीपी सेंटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवून देणाऱ्या दुकानात, दिवाळी अंकांच्या कामाची नुसती झुंबड. एका अंकाचं मुखपृष्ठ संध्याकाळपर्यंत पॉझिटिव्ह (छपाईची फिल्म) काढायला जायलाच हवं होतं आणि फोटोशॉप अडून बसलेलं. पडद्याच्या रंगांचं (आरजीबी) छपाईच्या चार रंगांत (सीएमवायके) रूपांतर करायला गेलं की एकच उत्तर: मेमरी अपुरी आहे.

मशीन पॉवर मॅकिंटॉश, सिस्टिम 7.5, रॅम 64 एमबी. त्या काळी ही रॅम चांगलीच म्हणायची. आमचे मालक, अण्णा, रॅमचा भाव विचारायला फोनकडे निघालेच होते. "अण्णा, पाच मिनिटं थांबा. आहे ती कुठे गेलीय ते बघू द्या," म्हणत मी ॲपल मेनूतली पहिली ओळ उघडली.

ती विंडो मला फार आवडायची. उघडलेल्या प्रत्येक प्रोग्रामपुढे एक पट्टी: पट्टीची लांबी म्हणजे त्याला दिलेली मेमरी, भरलेला भाग म्हणजे प्रत्यक्षात वापरलेली. पानं जुळवायच्या पेजमेकरला 24 एमबी दिलेली, पट्टी निम्मीही भरलेली नाही. चित्रं रेखायच्या फ्रीहँडकडे 12. सिस्टिमची साधारण 10. सगळ्यांत शेवटी उघडलेल्या फोटोशॉपला उरलीसुरली 17 आणि त्याची पट्टी काठोकाठ.

जुन्या मॅकवर प्रोग्राम उघडतानाच त्याला मेमरीचा एक सलग तुकडा तोडून दिला जायचा. पुढे शेजारी कितीही मोकळी पडली तरी त्याला वाढवून मिळायची नाही. प्रोग्रामची माहिती दाखवणाऱ्या गेट इन्फो विंडोत दोन आकडे भरता यायचे, प्रिफर्ड (हवी तेवढी मेमरी) आणि मिनिमम (निदान लागणारी). प्रिफर्डएवढी जागा नसेल तर मिनिममपर्यंत जी मिळेल तेवढ्यावर प्रोग्राम मुकाट्याने उघडायचा, आणि तिथेच घात व्हायचा. आमच्या फोटोशॉपचं प्रिफर्ड 30 एमबी होतं, पण मिळाले 17, आणि पडद्यावर त्याची काही सूचना नाही. मुखपृष्ठ सव्वासात बाय साडेनऊ इंच, 300 डीपीआय (एका इंचात 300 ठिपके). चार रंगांत एकट्या चित्राचेच जवळजवळ 24 एमबी होतात. फोटोशॉपला सुखाने काम करायला त्याच्या तिप्पट तरी हवी.

मधला एखादा प्रोग्राम बंद करूनही भागत नसे. वाटण्या झालेल्या जमिनीसारखं व्हायचं, एकूण एकर भरपूर पण सलग पट्टा कुठेच नाही. म्हणून मी त्या विंडोत नेहमी 'लार्जेस्ट अनयूज्ड ब्लॉक', म्हणजे सगळ्यांत मोठा मोकळा सलग तुकडा, हाच आकडा बघायचे.

सगळं सेव्ह करून सगळे प्रोग्राम बंद केले. प्रोग्राम चालू असताना त्याचा आकडा बदलता येत नसे. फोटोशॉपच्या मूळ आयकॉनवर कमांड-आय दाबून गेट इन्फो उघडलं आणि प्रिफर्डमध्ये 38912 भरलं. हिशेब के मध्ये (किलोबाइटमध्ये, 1024 के म्हणजे एक एमबी) असायचा, म्हणजे 38 एमबी. पेजमेकरला 12288. व्हर्च्युअल मेमरी (हार्ड डिस्कचाच भाग रॅमसारखा वापरणं) बंद केली, कारण फोटोशॉप त्याच कामासाठी स्वतःची स्क्रॅच डिस्क वापरतं आणि दोघं मिळून एकाच हार्ड डिस्कवर ओढाताण करतात. मग मशीन रीस्टार्ट केलं आणि आधी फोटोशॉप उघडलं, मगच पेजमेकर. फ्रीहँड नाहीच. चारेक एमबी मुद्दाम मोकळी ठेवली, नाहीतर प्रिंटिंगच्या वेळी प्रिंटमॉनिटर, म्हणजे मागे राहून प्रिंटिंग सांभाळणारा प्रोग्राम, तक्रार करायचा.

या वेळी रूपांतर सरळ पार पडलं. चित्र 38 एमबीतही पुरतं मावत नव्हतंच, हार्ड डिस्क कुरकुरत होती, पण काम पुढे सरकत होतं. अण्णा माझ्या खुर्चीमागे उभे राहून प्रगतीची पट्टी बघत होते. ती संपल्यावर म्हणाले, "अगं, मग इतके दिवस ही रॅम पेजमेकर नुसती अडवून बसला होता?" होताच. जास्त दिली की जास्त पळतो, अशा समजुतीने कुणीतरी कधीतरी तो आकडा वाढवून ठेवला होता. झिप डिस्कवर (फ्लॉपीपेक्षा कितीतरी जास्त मावणाऱ्या डिस्कवर) फाइल घेऊन मुलगा दिवे लागायच्या आत निघाला.

दिवाळीनंतर अण्णांनी 32 एमबी रॅम घेतलीच, आणि बरं केलं. पण ती बसवल्यावरही फोटोशॉप 38 वरच उघडलं. नवी रॅम कुणाला द्यायची हे सिस्टिम आपण होऊन ठरवत नसे. पुन्हा गेट इन्फो उघडलं आणि 71680 भरलं.