घंगाळापासून होकायंत्रापर्यंत: आमची वाटचाल

आजोबा नाशकातल्या तांबट आळीत घंगाळं आणि बंब ठोकायचे. वडिलांनी लेथ आणला. होकायंत्र मात्र दुकानात आलं ते एका निवृत्त कॅप्टनसाहेबांच्या काखेतून. मुंबईच्या दारूखान्यात जहाजाच्या भंगारात त्यांना ते मिळालं होतं. "घासायचं नाही, फक्त चालू करायचं," एवढंच म्हणाले.

तबकडी थॉमसनची, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झाले त्या शास्त्रज्ञाची. पेटंट 1876 चं. अ‍ॅल्युमिनियमची कडी आणि रेशमी दोऱ्यांवर टांगलेल्या आठ बारीक सुया. वजन म्हणाल तर फुंकरीने हलेल. तीन दोरे तुटले होते. रेशीम आणलं येवल्याच्या एका पैठणीवाल्याकडून. किती दिवस गेले ते सांगत नाही, मजुरी विचाराल. एवढं करून उत्तर भलतीकडेच! आमच्या कारागिराने हरवलेल्या पितळी स्क्रूच्या जागी लोखंडी ठोकला होता. कॅप्टनसाहेब हसले, मी नाही.

मधली वर्षं बरी गेली.

2015 च्या सिंहस्थाच्या आधी एका व्यापाऱ्याने शोभेची साठ होकायंत्रं उधारीवर नेली. प्रत्येकाच्या बुडाला आमचा शिक्का. गड्याने तो कानशीने उडवला, वर 'लंडन 1885' कोरलं, अ‍ॅसिडात बुचकळून म्हातारं केलं आणि खरं जुनं म्हणून विकलं. पितळ उघडं पडलं ते एका गिऱ्हाइकामुळे: डब्याला प्लसचे स्क्रू! ते बाजारात आले 1930 नंतर. व्यापाऱ्याने बोट आमच्याकडे दाखवलं. पैसे बुडाले, माणसं दुसरीकडे गेली, वडिलांचा लेथ विकावा लागला. त्या महिन्यात कॅप्टनसाहेबांनी चार यंत्रं दुरुस्तीला पाठवली, मजुरी आगाऊ. चारांपैकी दोन धडधाकट होती, हे मला उघडल्यावर कळलं.

जुनं यंत्र घेताना लोहचुंबकाने तबकडी जराशी वळवून सोडा. नेमकी पहिल्या खुणेवर परतली नाही तर आतलं टोक बोथट झालंय. आणि घरी आणून चिंचेने घासू नका हो, शंभर वर्षांचा रंग पाच मिनिटांत जातो.

त्या साठांतली काही अजून दुरुस्तीला येतात. बूड उलटं करून अंगठा फिरवला की कानशीच्या ओरखड्यांखाली आमचा शिक्का लागतो. करून देतो. मजुरी दुप्पट.