तुम्ही विचारलंत म्हणून: स्लीव्हनंतर मासे-भात चालतो का?

रत्नागिरी-मालवणकडे वजन उतरवण्याच्या स्लीव्ह ऑपरेशनचा विषय निघाला की वजन किती उतरेल हा प्रश्न मागाहून येतो. आधी विचारतात, "मासे-भात सुटणार का हो?" मासे सुटत नाहीत. भाताचा नंबर मात्र शेवटी लागतो.

या ऑपरेशनमध्ये दुर्बिणीतून जठराचा बाहेरच्या बाजूचा 75 ते 80 टक्के भाग स्टेपलरने कापून काढतात. उरते केळ्याएवढी नळी, तिच्यात जेमतेम 100-150 मिली मावतं. भूक लावणारं घ्रेलिन मुख्यतः काढलेल्या भागात बनतं, म्हणून भूकही मंदावते. कापलेलं जठर परत मिळत नाही. छातीत जळजळ आधीपासून असेल तर ती वाढू शकते. अशांनी एंडोस्कोपी करून सर्जनशी गॅस्ट्रिक बायपासबद्दल (वजन उतरवण्याचंच दुसरं ऑपरेशन, हृदयाचं नव्हे) बोलावं.

पहिले दोन आठवडे सगळं पातळ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं. पेज सोसते खरी, पण तिच्यात प्रथिनं नावापुरती, आणि दिवसाला लागतात किमान 60 ग्रॅम. साधारण पाचव्या आठवड्यात, डॉक्टर हो म्हणाले की, उकडलेली सुरमई काटे काढून कुस्करून घ्या. 60 ग्रॅमच्या तुकडीतून 12 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. आधी मासा, मग भाजी, जागा उरली तर दोन चमचे भात. भात भराभर गिळला की त्याचा गोळा अडकतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि उलटी होते. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोट घोट.

खरी फसगत सोलकढी आणि आमरसात आहे. पातळ पदार्थ त्या नळीतून सहज उतरतात, पोट भरल्यासारखं वाटत नाही, आणि नारळाच्या रसातली चरबी अंगी लागते. नारळाचा रस न घालता नुसतं कोकम आगळ पाण्यात घालून प्या, तेही जळजळ नसेल तरच.

मुंबईला ऑपरेशन करून गावी आल्यावर ताप, डाव्या खांद्यात कळ किंवा 120 च्या वर टिकून राहिलेली नाडी दिसली तर ते गॅस समजून ओवा चघळत बसू नका. जठराच्या टाक्यांच्या वरच्या टोकाला गळती असू शकते. सर्जनला त्याच रात्री फोन करा. बी12 आणि डी जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम जन्मभर घ्यायचं. आणि उलट्या काही दिवस चालू राहिल्या तर गावातल्या डॉक्टरांना ऑपरेशनचं सांगा: ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी1 चं इंजेक्शन द्यायला हवं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.