मचाणावरचे कान

विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या मला शिकारीतले काहीच ठाऊक नव्हते. जे शिकलो ते इथल्या शेजाऱ्यांकडून, आणि त्यांच्यापैकी कोणीही कानात काही घालत नसे. कान बंद केले तर सुक्या पानांवरची पावले ऐकू येणार कशी, असे ते विचारत. त्यांतले सत्तरीचे एक गृहस्थ बोलताना नेहमी उजवा कान पुढे करतात. रायफल उजव्या खांद्याला लावली की डावा कान नळीच्या तोंडाकडे होतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो, हे कळल्यावर त्या सवयीचा अर्थ मला उमगला.

मला स्वतःला जाग आली ती दुसऱ्या हंगामात, लाकडी खोपटात माझ्या शेजारी बसलेल्या सोबत्याने बार काढला तेव्हा. फळ्यांवरून आवाज उलटून आला, दोन्ही कान गच्च झाले आणि डाव्या कानातली शिट्टी दोन दिवस थांबली नाही. भारतात फटाक्याला चार मीटर अंतरावर १४५ डेसिबलची कमाल मर्यादा आहे. हरणासाठीच्या रायफलीचा आवाज नेम धरणाऱ्याच्या कानाशी १६० डेसिबलच्या आसपास जातो, आणि वीस डेसिबल वाढले की ध्वनीचा दाब दसपट होतो. आतल्या कानातल्या ज्या केसपेशी अशा आवाजाने मरतात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत, म्हणून ‘वर्षाला एकदोनच तर बार’ हा युक्तिवाद मला पटेनासा झाला. दिवाळीत आई कानात कापसाचे बोळे घालायची, त्यांचा इथे जवळजवळ काहीच उपयोग नाही.

फोमचे इअरप्लग सर्वांत स्वस्त, आणि त्यांच्या वेष्टनावर आवाज किती कमी होतो याचा ३३ डेसिबलपर्यंतचा आकडा असतो. मात्र तो प्रयोगशाळेतला आकडा आहे. नायॉश ही अमेरिकी सरकारी संशोधन संस्था फोमच्या बाबतीत तो निम्माच धरायला सांगते, कारण प्लग बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढून, आत फुगेपर्यंत धरून ठेवण्याचा धीर फार थोड्यांना असतो. नेमबाजीच्या मैदानावर मी फोमवर कान बाहेरून झाकणारे इअरमफही चढवतो, जरी दोन्हींची बेरीज होत नाही आणि पाचेक डेसिबलचीच भर पडते. जंगलात मात्र फोम खिशातच राहतो, कारण सावजाची चाहूल लागण्यासाठीच तर आपण तिथे बसलेलो असतो.

म्हणून मी इलेक्ट्रॉनिक इअरमफ घेतले. बाहेरचा माइक बारीक आवाज वाढवून देतो आणि सुमारे ८५ डेसिबलच्या वरचे काही आत पोहोचवत नाही. त्यांच्या वेष्टनावरचा आकडा तेवीस डेसिबलचाच आहे, पण ते पहाटेपासून कानांवर असतात. खार आणि हरीण यांच्या पावलांतला फरक आता मला पूर्वीपेक्षा लवकर कळतो. आवाज कोणत्या दिशेने आला हे मात्र नीट उमगत नाही आणि वारा सुटला की माइकमध्ये नुसती घरघर होते. जाड कपाचे मफ रायफलीच्या दस्त्याला आपटतात, त्यामुळे गाल टेकवून पाहिल्याशिवाय विकत घेऊ नयेत. चष्म्याच्या जाड काड्यांमुळे गादीखाली फट राहते, म्हणून मी शिकारीपुरता बारीक काड्यांचा चष्मा करवून घेतला. कडाक्याच्या थंडीत अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, तेव्हा लिथियमचे सेल घालून एक जादा जोडी मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो.